शेपूट कापलेले आकडे

१

सोडत खोटी होती, असं देवीलाल माझ्या ओट्यावर चढून म्हणाला. चप्पल न काढता चढला, हे आधी सांगते, सोडतीचं मागून. आमच्या तांड्यात नायकाच्या ओट्यावर असं कुणी येत नाही. तांड्याचा कारभार पाहणारे नायक गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांची बायको, मी रामीबाई, अजून इथंच बसलेली आहे.

"कोणती सोडत?" मी म्हटलं.

"कोणती म्हंजे? कम्प्युटरची. नागपूरच्या जागेची. काकी, तुमच्या अंजूची जागा चोरली त्या मास्तरानं."

"आधी चप्पल काढ. मंग चोरी सांग."

त्यानं चप्पल काढली आणि सांगितलं.

गोष्ट अशी होती. यवतमाळच्या एका संस्थेनं ठरवलं होतं की कापसाच्या घरातली एक पोरगी नागपूरला वर्षभर कम्प्युटर शिकायला न्यायची, राहणं-खाणं त्यांचं. पांढरकवड्याच्या क्लासमधल्या पाच पोरी परीक्षेत सारख्याच आल्या. माझी नात अंजू, देवीलालची वैष्णवी, पांढरकवड्याची जया आणि झरी जामणीकडच्या दोघी. मग संस्थेच्या विमलताई म्हणाल्या, सोडत काढू. चिठ्ठ्या नको, कम्प्युटरवरच काढू, पोरींनी शिकलेल्या प्रोग्रामवर. एकेक पोरगी मशीनपुढं बसेल, बटण दाबेल, मशीन मनाला येईल तो आकडा देईल. आकडा शून्याच्या पुढचा आणि एकाच्या आतला. जिचा मोठा तिची जागा.

मशीन नुकतंच चालू केलं होतं. जया पहिली बसली. तिला आला ०.७१. पुढच्यांना ०.५३, ०.५८, ०.२९. अंजू शेवटी बसली, तिला ०.३०. जया जिंकली, टाळ्या झाल्या, मी पण वाजवल्या. घरी येऊन चूल पेटवताना मात्र धुरानं डोळ्यांत पाणी आलं. धुरानंच.

"काल वैष्णवीनं तोच प्रोग्राम परत लावला," देवीलाल म्हणाला. "मशीन बंद करून, चालू करून. पयला आकडा ०.७१. मंग ०.५३. मंग ०.५८. तेच पाच, त्याच वळीनं. परत लावला, परत तेच. म्हंजे पयला बसन त्याची जागा पक्कीच होती. आन् जया कोणाची? मास्तराच्या बह्यनीची पोट्टी. उद्या मी विमलताईकडं जातो आन् क्लासले कुलूपच लावतो."

"कुलूप लावायच्या आधी मी पाहून येते."

"तुमाले कम्प्युटर समजते का काकी?"

"मले चोर समजतो."

तो हसला. मी नाही हसली. आत अंजू भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मघाशीच थांबला होता, आणि तवा जळल्याचा वास येईपर्यंत तो परत सुरू झाला नाही.

२

क्लास हैदराबाद रोडवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर. लोखंडी जिना चढून वर गेली तर संघदीप मास्तर एकटाच होता. पोरगेलासा माणूस, इस्त्रीचा सदरा, रात्रभर न झोपल्याचे डोळे. माझ्यासाठी त्यानं चाकाची खुर्ची ओढली.

"बसा आजी."

"बसायले नाही आली. चोरी कशी केली ते दाखवा."

मला वाटलं होतं चिडेल. तो चिडला नाही. त्यानं मशीन लावलं. काचेवर आकडा आला: .७०५५४७५.

"हे काय आहे? एवढं लांब शेपूट?"

"दशांश हाये आजी. मशीन आपल्या मनानं देते तेव्हा एवढं लांबच देते. वर्गात पोरी रोज असेच आकडे काढत. आता पाहा." त्यानं खाटखाट काही लिहिलं, आणि त्याच जागी आकडा आला: ०.७१.

"दुसरा आला."

"दुसरा नाही, तोच हाये. दशांशाची दोनच घरं ठेवली. मागं पाच किंवा त्याच्या वर असलं की पुढचा आकडा एकानं वाढते, म्हणून सत्तर नाही, एकाहत्तर दिसते."

"म्हंजे शेपूट कापलं आन् संगं तोंड बी बदललं."

माझे सासरे लदणीच्या, पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बैलांमागं हिंडलेले. म्हातारपणी एकदा त्यांनी बाजारातून बैल आणला. शेपटीचे केस कातरलेले, शिंगं तासलेली, अंगावर काळा रंग. पाऊस पडला तेव्हा खालून तांबडा निघाला. त्यांनी आदल्या वर्षी विकलेला त्यांचाच बैल. सासूबाई मरेपर्यंत त्याला पाहुणा म्हणत. मास्तराच्या काचेकडं पाहताना मला तो पाहुणाच दिसला.

"मंग मशीन परत परत तेच आकडे काहून देते?"

मास्तरानं मान खाली घातली. "प्रोग्रामात एक ओळ घालावी लागते. ती घातली की मशीन दरवेळी वेगळीकडून सुरू होते. नाही घातली तर चालू केलं की तिथूनच. आजी, खरं सांगतो, मले ती ओळ माहीत नव्हती. पुस्तक मी बी पोरींच्या दोन धडे पुढंच वाचून राह्यलो. काल वैष्णवीनं दाखवलं तेव्हा शोधली."

"रोज शिकवता, आन् रोज तोच आकडा येते हे दिसलं नाही?"

"मी एकदा चालू केलेलं मशीन संध्याकाळीच बंद करतो. आकडे पुढं पुढं जातात. जो रोज पहिला येऊन मशीन लावीन, त्यालेच ते दिसन."

खोटं बोलणारा माणूस स्वतःला एवढं अडाणी दाखवत नाही. माझा त्याच्यावरचा अर्धा संशय तिथंच गेला. उरलेल्या अर्ध्यापायी मी विचारलं, "शेपूट कोणी कापलं?"

तो बटणांवरची धूळ पुसायला लागला.

"सांगा. मी काही रडत नाही."

"अंजूनं," तो म्हणाला. "सोडत ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, सर, आकड्याची दोनच घरं कशी ठेवायची. मी शिकवलं. मले वाटलं, लोकांपुढं वाचायचं हाये, बरं केलं. आन् आजी, रोज सगळ्यात पयली तीच येते."

मग मात्र मी त्या खुर्चीवर बसली.

३

जया क्लासला आली तशी मी तिला जिन्यातच धरलं. सावळी, उंच पोरगी. हातात नागपूरला न्यायची नवी पिशवी, अजून प्लास्टिकसकट.

"काहून गं, तू पयली कायले बसली होती?"

"मी कुठं बसली? तुमच्या अंजूनं बसवलं."

आणि मला तो सगळा वेळ डोळ्यांपुढं आला. विमलताईंनी विचारलं होतं, सुरुवात कुणापासून करायची? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं हे सांगावं लागत नाही. होळी पेटवायची तर नायकाचं घर आधी, वरात निघाली तर नायकाच्या दारावरून, बोअरला पाणी लागलं तेव्हा पहिली गुंडी भरली ती माझी. आजूबाजूच्या गावांनाही हे ठाऊक आहे. क्लासमध्येही हजेरी अंजूपासूनच घेत. म्हणून मी मान हलवली आणि अंजू उठली. उठली, पण खुर्चीकडं गेली नाही. तिनं जयाचा हात धरून तिला मशीनपुढं बसवलं आणि म्हणाली, "आपल्या तांड्याची नाही ती पाहुणी. पाहुणीपासून सुरुवात." स्वतः पार मागं जाऊन उभी राहिली.

विमलताई म्हणाल्या, "रामीबाई, संस्कार म्हणतात ते हेच." मी फुगली. घरी जाताना मीच अंजूला म्हटलं होतं की एवढं मोठं मन आपल्याच घराण्याला शोभते.

"मले वाटलं, मैतरीण हाये म्हणून बसवलं," जया म्हणाली. "काहून, काय झालं?"

"काही नाही. तू जा वर."

मी जिन्याच्या पायरीवर बसली. खाली दुकानात पोरं टायर ठोकत होती. त्या ठोकण्याच्या तालावर मी एकेक माणूस समोर घेतला.

संघदीप मास्तर. समजा त्याला पहिल्या जागेचं गुपित ठाऊक होतं. पण पहिली जागा नायकाच्या घराची, हेही त्याला ठाऊक होतं. मग त्यानं हे कपट केलं असतं तर अंजूच जिंकली असती, त्याची भाची नाही. भाचीला जिंकवायचं असतं तर त्यानं क्रमच बदलला असता, आणि क्रमाबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

जया. तिलाही पहिलं बसायला मिळेल हे स्वप्नातही आलं नसतं. तिला हात धरून उठवावं लागलं.

देवीलाल. त्याची पोरगी हरली, आणि बोंब त्यानंच मारली. चोर आपणहून पोलीस पाटलाला हाक मारत नाही.

उरलं कोण? क्रम मोडणार आहे हे ज्याला आधीपासून माहीत होतं ते. आणि क्रम मोडणार हे फक्त मोडणाऱ्यालाच माहीत असतं. ती रोज पहिली येऊन मशीन लावायची. पहिला आकडा नेहमी तोच येतो, आणि पुढचे चार त्याहून लहान, हे तिनं पाहिलं. वर्गात पोरी रोज लांब शेपटीचे आकडे काढत, .७०५५४७५ तसाच सोडतीत आला असता तर कुणाला तरी ओळखू आला असता. म्हणून शेपूट कापलं. मग आपली हक्काची जागा उचलून दुसरीला दिली.

चोर माझ्याच घरात भाकरी थापत होता. पण स्वतःच्याच घरातून स्वतःची वस्तू बाहेर फेकणारा चोर मी आजवर पाहिला नव्हता. त्याला काय हवं होतं?

४

मी परत वर गेली.

"मास्तर, अंजू कुठं बसते?"

"ते कोपऱ्यातलं, खिडकीपाशी. भंगार मशीन हाये ते, बटणं अडकतात. दुसरं घे म्हटलं तर घेत नाही. उन्हाळ्यात तिथं झळा येतात, तरी तिथंच."

मी त्या खुर्चीवर जाऊन बसली. मशीनकडं पाहून मला काय कळणार? म्हणून मी खिडकीतून पाहिलं.

खाली रस्ता. नागपूरकडून येणारा आणि हैदराबादकडं जाणारा. टायरच्या दुकानापुढं ट्रक थांबतात, हवा भरतात, पंक्चर काढतात, आणि तेवढ्या वेळात ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करतो. माडीवरून प्रत्येकाचं तोंड नीट दिसतं.

माझा मुलगा धरमसिंग, अंजूचा बाप, ट्रकवर गेला. ज्या वर्षी कापूस वेचून घरात आणला आणि कुणी विचारीना, आम्ही त्याच ढिगाला टेकून जेवायचो आणि रात्रभर अंग खाजवायचो, त्या वर्षी. कपाशीवर आता पोट भरत नाही, म्हणाला, एक फेरी करून येतो. पोरीला माय नव्हती. माझी सून सुखीबाई आधीच गेलेली. तिला माझ्या पदराशी दिलं आणि हैदराबादकडं गेला. सुरुवातीला किराणा दुकानात फोन यायचा. दुकानदाराचं पोरगं पळत सांगायला यायचं, आणि मी पोहोचेपर्यंत अंजूनं सगळं बोलून टाकलेलं असायचं. मग फोन यायचा थांबला. तांड्यात मी सांगते, मोठ्या कंपनीत आहे, सुटी नाही. घरात त्याचं नाव आम्ही घेत नाही. मी घेत नाही म्हणून तीही घेत नाही. मला वाटलं, पोर विसरली.

तेवढ्यात खाली एक ट्रक लागला. दार उघडलं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला माणूस पाठमोरा उतरला. खांदे तसेच, थोडा डावीकडं झुकलेला. त्यानं तोंड वळवलं, आणि तो कुणी दुसराच होता.

माझ्या मागं खुर्ची घरंगळत भिंतीला लागली तेव्हा मला कळलं की मी उभी राहिली आहे.

मास्तर दुसरीकडं पाहत होता. "ती बी अशीच उठते आजी," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

५

संध्याकाळी अंजू चुलीपुढं होती. मी शेजारी पाट घेतला.

"शेपूट तू कापलं."

तिनं फुंकणी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही. आमच्या घरात खोटं फार वेळ टिकत नाही, कारण मी आहे.

"जायचं नव्हतं तं मले सांगायचं."

"तुले सांगितलं असतं तं तू ऐकलं असतंस, दादी?"

"नसतं ऐकलं."

"मंग?"

जाळ खाली बसत होता. पऱ्हाट्या सारून मी म्हटलं, "त्या खिडकीपायी?"

"नागपूरले गेली आन् तो इकडून गेला तं? एखाद्या दिवशी नक्की थांबन. टायर सगळ्यांचेच खराब होतात."

"मी हाये ना इथं. घर कुठं पळून चाललं?"

"तू त्याले घरात घेशील? तू तं त्याचं नाव बी घेत नाही."

माझी जीभ तांड्यात प्रसिद्ध आहे. देवीलालसारखे चार तिनं एका दमात झोपवले आहेत. त्या वेळी मी नुसतं ताट पुढं ओढलं. भाकरी फुगली, अंजूनं उलटली, माझ्या ताटात वाढली.

जेवून उठल्यावर मी एवढंच म्हटलं, "तुह्या खिडकीपायी मास्तराचा क्लास चालला. तो गेला तं खिडकी बी जाते. उद्या सगळ्यांपुढं तोंडानं सांग. आन् सोडत परत होईल. तिच्यात तू बसशील."

"आन् नंबर लागला तं?"

"तं जाशील. धरमसिंग आला तं मी त्याले जेवू घालीन, दोन शब्द ऐकवीन, आन् नागपूरच्या गाडीत बसवून तुह्याकडं पाठवीन."

त्याचं नाव मी घेतलं हे तिच्या ध्यानात आलं. रात्री ती लहानपणीसारखी माझ्या पाठीला पाठ लावून झोपली.

६

विमलताई यवतमाळहून आल्या. माडीवर सगळे जमले. अंजू उभी राहिली आणि शेपटापासून पाहुणीपर्यंत सगळं सांगितलं. का केलं ते मात्र सांगितलं नाही. "मले जायचं नव्हतं," एवढंच. देवीलाल मास्तराकडं पाहत नव्हता. मी त्याला कोपर मारलं तेव्हा, "सर, माहं चुकलं," असं टायरच्या दुकानाला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं म्हणाला.

जयानं हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "म्हंजे मी तुह्या दानावर नागपूरले चालली होती?" ती अंजूला म्हणाली. "मैतरीण म्हणवतं तं आधी विचारायचं. मले दान नाही पाहिजे. काढा परत."

मास्तरानं ती ओळ घातली. मशीन बंद-चालू करून सगळ्यांना दाखवलं. दरवेळी आकडा वेगळा. मग म्हणाला, "दोनच घरं ठेवू का?"

"काही कापायचं नाही," मी म्हटलं. "जेवढं येईल तेवढं दिसलं पाहिजे."

सुरुवात कुणापासून, म्हणून सगळ्यांनी परत माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जिला जेव्हा वाटेल तेव्हा बसा. वैष्णवी बसली: .४१२७०८६. जया: .६३९५११२. झरीकडची एक: .१७८०३३४. मग अंजू.

मी काचेकडं पाहत नव्हती, अंजूच्या तोंडाकडं पाहत होती. मास्तरानं वाचलं, "पॉइंट आठ आठ एक दोन शून्य चार तीन." आणि त्या तोंडावर दिवा लागावा तसं काहीतरी लागलं. ते तिला स्वतःलाही ठाऊक नसावं. नाही-नाही म्हणणाऱ्या पोरीच्या आत नागपूर किती दिवस बसून होतं कोण जाणे. मशीन खरं झालं तेव्हा ते बाहेर आलं. माझं मात्र आतून तुटलं, आणि मला वाटलं, जाऊ दे, जाऊ दे हिला.

शेवटी झरीकडची दुसरी पोरगी बसली. जंगलातल्या पाड्यावरची, वर्गात कुणाशी न बोलणारी. तिनं बटण दाबलं.

"पॉइंट आठ आठ," मास्तरानं वाचलं आणि थांबला. "तीन नऊ सहा एक सात."

कुणाला पटकन कळलं नाही. अंजूला कळलं.

देवीलाल माझ्या कानाशी आला. "काकी, दोनच घरं धरली तं दोघींचेही अठ्ठ्याऐंशी होतात. बरोबरी. परत काढता येते. तुमी म्हणा, विमलताई तुमचा शब्द मोडणार नाही."

तो भल्यासाठीच म्हणत होता. आणि विमलताई खरंच माझ्याकडं पाहत होत्या. झरीची पोरगी अजून खुर्चीतच होती, दोन्ही हात मांडीखाली धरून. आपण जिंकलो की नाही हे विचारायचीही तिला सवय नव्हती.

अंजू माझ्याकडं पाहत नव्हती. ती त्या लांब आकड्याकडं पाहत होती, त्याच्या अगदी टोकापर्यंत.

"पूर्ण आकडा वाचला ना सरांनी," मी म्हटलं. "मोठा तो मोठा. उठ गं माय, पाया पड विमलताईच्या. नंबर तुहा लागला."

जया पुढं झाली आणि आपली नवी पिशवी त्या पोरीच्या मांडीवर ठेवली. "घे. नागपूरले आता तुलेच लागन," म्हणाली.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. ऊन कलत होतं. दुकानापुढं दोन ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर बनियनवर चहा पीत होते. अंजूनं त्यांच्याकडं मान वळवली नाही. तेवढ्यात नागपूरची लाल गाडी स्टँडातून निघून समोरून गेली, आणि ती गाडी दिसेनाशी झाली तरी पोरगी तिकडंच पाहत राहिली.

"दादी, पुढच्या साली परत घेतील का गं?"

"घेतील," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

तिचं तोंड तिकडं आहे तोवर मी दुसरीकडं वळली, आणि त्या दोन ड्रायव्हरांची तोंडं एकेक करून नीट पाहून घेतली.